मदत हवी आहे : निवासी डॉक्टर असलेल्या भावासाठी

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनचा निवासी डॉक्टर आहे, दुसऱ्या वर्षाला. इमर्जन्सीचा दिवस असला की सलग ३६ तास ड्युटी. दमणं तर आलंच, पण आता जे दिसतंय ते नुसतं दमणं वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी बारा तास झोपूनही चेहरा तसाच. डबा न उघडता परत येतो. आधी पेशंटबद्दल भरभरून बोलायचा, कुठल्या आजी, कोणत्या गावच्या, घरी कोण वाट बघतंय. आता म्हणतो, ‘बेड चौदा.’ मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. ‘मला काही येत नाही’ हेही हल्ली सारखं चालू असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस पार खचून जाण्याची, जी तीन लक्षणं मांडली, म्हणजे थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि आपण निरुपयोगी ठरतोय ही भावना, ती तिन्ही त्याच्यात आहेत. नैराश्यही असू शकतं, म्हणून डॉक्टरांना दाखवायचंच आहे. पण ‘डिपार्टमेंटला कळलं तर?’ म्हणून तो टाळतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय, अजून फोन केलेला नाही.

दादर-परळ भागात रात्री उशिरा किंवा ऑनलाइन वेळ देणारे, रुग्णालयाबाहेरचे मानसोपचारतज्ज्ञ माहीत आहेत का? रेसिडेन्सीत वैद्यकीय रजा कुणी घेतली आहे का, त्यामुळे टर्म, म्हणजे प्रशिक्षणाचा काळ, वाढते का? डॉक्टर मंडळींनी जरूर लिहा, हवं तर मेसेज करा.