एलडीएल शंभराच्या आत असलं तरी

‘एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, शंभराच्या आत आहे, मग वजन जास्त असलं तरी रक्तवाहिन्यांची चिंता नको’ असं एक मत मांडलं जातं, ते पटत नाही. पोटाभोवती चरबी असलेल्यांमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढतात आणि एलडीएलचे कण लहान, कमी कोलेस्टेरॉलचे होतात. म्हणजे कोलेस्टेरॉलचा आकडा बरा दिसतो, पण धमनीच्या भिंतीत शिरणारे कण जास्त असतात. अशा प्रत्येक कणावर एपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, म्हणून एपोबी मोजलं की कणांची संख्या कळते. माझ्या थोरल्या भावाचं एलडीएल ९८ होतं, सगळे निर्धास्त. ट्रायग्लिसराइड मात्र २६०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. डॉक्टरांनी एपोबी करायला लावलं, ते ११८ निघालं. त्या एका आकड्याने उपचार बदलले. ही तपासणी परवडत नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. भावाचे १८४ वजा ३४, म्हणजे १५०. तेवढ्यावरूनही बराच अंदाज येतो.

शरीरातली सूज मोजणारी एचएस-सीआरपी ही रक्ततपासणीही सुचवतात ते योग्यच, पण ती सर्दी-तापात किंवा दाढ सुजलेली असताना करू नका. आकडा १० च्या वर आला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करून बघा.