कॅव्हेट आलं म्हणजे केस झाली काय?

खानापूरकर: चुलत्यांनी रजिस्टर पोस्टानं कॅव्हेटची नोटीस धाडलीय, सगळी कन्नडात. आईनं जेवण सोडलंय. आमच्यावर दावा लागला काय?

जुना कारकून, बेळगाव: आधी आईला जेवायला घाला. दावाबिवा काही नाही. कॅव्हेट हा लॅटिन शब्द, ‘सावध राहावं’ असा. चुलते कोर्टाला एवढंच सांगतायत, की पुतण्या मनाई हुकूम मागायला आला तर आम्हाला ऐकल्याशिवाय देऊ नका. नाहीतर हुकूम एकतर्फी होतो, वकिलांच्या तोंडी ‘एक्स पार्टे’. दिवाणी प्रक्रिया संहितेत हे कलम १४८-अ, १९७६ च्या दुरुस्तीनं आलेलं. दाखल केल्यापासून ९० दिवस चालतं. पण उगाच कोण पैसे घालवतंय? जमिनीत विक्री, बांधकाम असलं काहीतरी शिजत असणार. ताजा उतारा काढून बघा की.

निपाणीहून: वकील लावलात तर वकालतनामा, म्हणजे वकिलाला तुमच्या वतीनं उभं राहायचा अधिकार देणारा कागद, वाचून सही करा. तो लॅटिन नव्हे हं, अरबी-फारसी.

खानापूरकर: आणि पेपरात सीमाप्रश्न ‘सब ज्युडिस’ म्हणतात ते?

जुना कारकून: न्यायप्रविष्ट. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, तवापासून ऐकतोय. उतारा कधी काढताय?