अनुभव धागा : गारी (फ्रेझर बेट), स्वतः फोर-व्हील ड्राइव्ह चालवत जाणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगतचं गारी, म्हणजे जून २०२३ पर्यंत अधिकृतपणे फ्रेझर बेट. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट, लांबी सुमारे १२० किलोमीटर. ग्रेट सँडी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग १९९२ पासून जागतिक वारसा आहे. पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, हाच इथला हमरस्ता आणि आतले रस्ते म्हणजे वाळूतल्या एकेरी वाटा. सुट्ट्या जवळ आल्या की मराठी मंडळींचे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून हा धागा. बेट नीट माहीत असणाऱ्यांनी कामाचं तेवढंच लिहावं : गाडी, टायरची हवा, भरती, परवाने, मुक्काम. प्रवासवर्णनांना वेगळी जागा आहे. आलेली उत्तरं खाली, लिहिणाऱ्याच्या गावाच्या नावाने.

सनशाइन कोस्टहून

सुरुवात भरतीपासून करा, बाकी सगळं तिच्यामागून येतं. वॅडी पॉइंटचं (बेटाच्या ईशान्येचं ठिकाण) भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा आणि मगच फेरीबोट, जेवण, मुक्काम ठरवा. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास पूर्वेच्या पुळणीवर गाडी घालायची नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवसाचं गणित तिसऱ्या दिवशी लागू पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओहोटीला पुळण ऐसपैस मिळते, पण भरतीचं पाणी थेट वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी येतं आणि बाजूला सरायला जागाच उरत नाही. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत दोन्ही टोकं सौम्य असतात. वारा समुद्राकडून जोरात असेल तर वेळापत्रकातल्या आकड्यावर विसंबू नका, पाणी त्याहून वर येतं.

ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट का असते? कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं. वर सुकलेली पांढरी वाळू मोकळी, तिथे चाक रुततं. म्हणून शेवटच्या भरतीची रेघ आणि लाटांची कड यांच्या मधला पट्टा धरा. लाटांच्या फेसातून गाडी पळवणं तर नकोच. खारं पाणी वायरिंग आणि ब्रेकमध्ये जातं आणि थांबलेल्या गाडीच्या चाकाखालची वाळू प्रत्येक लाट उपसून नेते.

पुळणीवर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, वस्त्यांजवळ कमी. पण ८० हा परवानगीचा आकडा आहे, सुरक्षिततेचा नाही. झऱ्यांचं पाणी समुद्राकडे जाताना वाळू कापून उभ्या काठाच्या घळी करतं. एली क्रीक हा एकटा ओढा तासाला सुमारे ४० लाख लिटर पाणी ओततो. सूर्य समोर असताना किंवा ढगाळ उजेडात या घळी दिसतच नाहीत. त्या वेगात अशा घळीत उतरलं की सस्पेन्शन तुटतं, गाडी उलटूही शकते. घळ दिसली की वेग आधीच कमी करा, ऐन काठावर ब्रेक दाबू नका. पुळणीवरच्या पॉयंगन आणि यिडनी रॉक्स या खडकांपाशी दगडांवरून गाडी रेटू नका, दोन्हीकडे वळणवाट आहे.

ब्रिस्बेनहून

टायरच्या हवेबद्दल. डांबरी रस्त्यावरचं प्रेशर घेऊन बेटावर उतरू नका. पुळणीसाठी १८ ते २० पीएसआय, गाडी जड लादलेली असेल तर थोडं जास्त. हवा काढली की टायरचा ठसा रुंद होण्यापेक्षा लांब होतो आणि वजन अधिक वाळूवर पसरतं. मोजायला वेगळा गेज ठेवा. भरायला कॉम्प्रेसर हवाच, आणि तो थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा घ्या. लायटरच्या खोबणीवर चालणारे छोटे पंप मोठ्या टायरसमोर तापून बंद पडतात. कमी हवेवर झटक्यात वळण घेतलं तर टायर रिमवरून निसटतो.

मऊ वाळूत शिरण्याआधी लो रेंज (फोर-व्हील ड्राइव्हचा जास्त ताकदीचा, कमी वेगाचा गिअर) लावा, अडकल्यावर नाही. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर चाक थोडं घसरलं की तो इंजिनाची ताकद कापतो आणि नेमकी हवी तेव्हा गती मरते. थांबताना ब्रेक दाबला की चाकांपुढे वाळूचा ढीग होतो, म्हणून पाय काढून गाडीला आपोआप थांबू द्या, शक्यतो उताराकडे तोंड करून. खोल चाकोरीत स्टिअरिंग कुठे वळलंय हे हाताला कळत नाही. खिडकीतून पुढचं चाक सरळ आहे ना ते बघून घ्या.

हर्वी बेहून

दोन मार्ग आहेत. दक्षिणेला इन्स्किप पॉइंटहून हूक पॉइंट, जेमतेम दहा मिनिटं, ठरावीक वेळेचं बुकिंग लागत नाही. पण तिथली फेरीबोटीत चढायच्या आधीची वाळू इतकी मऊ असते की बऱ्याच गाड्या बेट पाहण्याआधीच तिथे रुततात. हवा त्याच्या आधी काढा. दुसरा मार्ग रिव्हर हेड्सहून किंगफिशर बे किंवा वांगुल्बा क्रीक. हा लांबचा, बुकिंग लागतं, पण उतरल्यावर लगेच पुळणीची आणि भरतीची धास्ती नसते. वाहनाचा परवाना आणि तंबूचा परवाना वेगवेगळे, दोन्ही निघण्याआधी ऑनलाइन काढा. कुत्रा नेता येत नाही.

ब्रिस्बेनहून, दुसऱ्या एकाकडून

रुतल्यावर पहिली गोष्ट : ॲक्सिलरेटर सोडा. चाक फिरवत राहिलं की दोन मिनिटांत गाडी पोटावर बसते. आधी आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यायचा प्रयत्न करा. नाही जमलं तर चारही टायर १५ पीएसआयवर आणा, निम्म्या गाड्या एवढ्यानेच निघतात. मग फावडं. चारही चाकांपुढची वाळू काढाच, पण एक्सल आणि पोटाखालचीही काढा, कारण गाडी धरून ठेवते ती तिथली वाळू. त्यानंतर रिकव्हरी ट्रॅक (चाकाखाली घालायच्या दातेरी प्लास्टिक पाट्या) चाकाला अगदी चिकटवून, किंचित खाली खोचून ठेवा आणि हळू निघा. ट्रॅकवर चाक जोरात फिरवलं तर त्याचे दात वितळतात.

ओढायची वेळ आली तर पट्टा ताणणारा, म्हणजे स्नॅच स्ट्रॅप हवा. त्याची तुटण्याची क्षमता दोनपैकी हलक्या गाडीच्या एकूण वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. तो गाडीच्या प्रमाणित रिकव्हरी पॉइंटलाच लावायचा. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही नाही. तो गोळा तुटला की गोळीसारखा येतो आणि ऑस्ट्रेलियात याने माणसं मेली आहेत. पट्ट्याच्या मधोमध जड ओलं कापड टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा. जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या, नुसता जॅक वाळूत उतरतो. कोकणात गाडी रुतली की गावातला ट्रॅक्टर येतो. इथे टो-ट्रकचं बिल सहज हजार डॉलरच्या वर जातं आणि पाणी चढत असतं.

गोल्ड कोस्टहून

मुलं बरोबर असतील त्यांनी हे वाचाच. इथल्या डिंगोंना (ऑस्ट्रेलियातले रानटी कुत्रे) बुचुल्ला, म्हणजे बेटाचे मूळ रहिवासी, वोंगारी म्हणतात. २००१ साली त्यांच्या हल्ल्यात एक मुलगा दगावला. मुलं कायम हाताच्या अंतरावर ठेवा, किशोरवयीन असली तरी. जेवण, कचरा, अगदी रिकामी भांडीसुद्धा गाडीत बंद करा, तंबूत काहीच नको. आपल्या तळणीचा आणि मसाल्याचा वास तंबूला बराच वेळ राहतो, म्हणून स्वयंपाक तंबूपासून लांब करा. मुक्काम कुंपण असलेल्या तळावर घ्या : डिली व्हिलेज, सेंट्रल स्टेशन, डंडुबारा, वॅडी पॉइंट. डिंगो जवळ आला तर पळायचं नाही. त्याच्याकडे तोंड करून सरळ उभं राहायचं, हात छातीशी, आणि हळूहळू मागे सरकायचं. खाऊ घालणं हा मोठ्या दंडाचा गुन्हा आहे, आणि त्यात त्या प्राण्याचंच मरण असतं. माणसाला सरावलेला डिंगो धीट होतो आणि शेवटी मारला जातो.

समुद्रात पोहू नका. शार्क, ओढणारे प्रवाह, जीवरक्षक नाहीत. डुंबायला एली क्रीक किंवा बुरांगुरा (लेक मॅकेन्झी) आहे. लेक वॅबीच्या वाळूच्या उतारावरून धावत येऊन सूर मारू नका, तिथे माणसांचे मणके मोडले आहेत. शेकोटीबाबतही कडक राहा. २०२० मध्ये एका बेकायदा शेकोटीतून लागलेल्या आगीत निम्मं बेट जळलं.

मेलबर्नहून

भाड्याची गाडी घेणार असाल तर करारातले दोन मुद्दे वाचा : खाऱ्या पाण्याचं नुकसान विम्यात येतं का (बहुधा नाही) आणि उत्तरेला कुठपर्यंत जाता येतं. इंडियन हेडची वळणवाट मऊ आणि उभी आहे. त्यापलीकडे न्गाला रॉक्स हे सरावलेल्यांचंच काम. तळ्यांकडच्या आतल्या वाटांवर मर्यादा ३० आहे, प्रत्यक्षात १५-२० नेच जाता येतं. थांबणं, वाट देणं धरून दहा किलोमीटरला तास धरा. दुपारच्या उन्हात सुकलेली वाट सकाळपेक्षा अवघड असते, पावसानंतर उलट सोपी. समोरून गाडी आली तर ज्याला बाजूची जागा जवळ त्याने मागे यायचं.

सनशाइन कोस्टहून, पुन्हा

इंधनाचं राहिलं. वाळूत खप बराच वाढतो आणि बेटावरचे दर चढे असतात, म्हणून इन्स्किप पॉइंटजवळच्या रेनबो बीच गावात टाकी भरून घ्या. परतताना डांबरावर चढण्याआधी हवा भरा. १८ पीएसआयवर हायवेचा वेग धरला तर टायरच्या भिंती तापून फुटतात. त्याच दिवशी गाडी खालून धुवा. चॅसीच्या पोकळ नळ्यांत, टाकीच्या वरच्या पाट्यावर आणि ब्रेकच्या मागच्या पत्र्यात नळी धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. दुसऱ्या दिवशी गाडी थोडी चालवून पुन्हा एकदा धुवा, कारण अडकलेली वाळू सुकल्यावरच सुटते.