मदत हवी आहे : कोथरूडचा रीसेल फ्लॅट, मालक ९४ वर अडलेत

नमस्कार मंडळी,

कोथरूडला वनाज मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असा एक टू बीएचके आम्हाला पसंत पडलाय. इमारत जुनी, पण लिफ्ट आहे, पाणी बरं आहे. मालकांनी ९८ लाख सांगितले, आम्ही ८८ म्हणालो. एजंटकडून निरोप आला, "शेवटचे ९४. मॉड्युलर किचन आणि दोन एसी सोडून जाऊ. शनिवारपर्यंत टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे." (पुण्यात प्रत्येक फ्लॅटला दुसरी पार्टी तयारच असते, ते असो.)

९१ पर्यंत जायची आमची तयारी आहे. वरचे तीन जड जातात. बँक फार तर ७५ देतेय आणि स्टॅम्प ड्यूटी कर्जात धरत नाही. म्हणजे ९४ ला १९ लाख खिशातले, सात टक्क्यांनी ६ लाख ५८ हजार ड्यूटी, ३० हजार रजिस्ट्रेशन, वर एजंट. माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर ड्यूटीत एक टक्का वाचेल, तेवढंच.

पण खरी गोम वेगळीच आहे. फ्लॅट मुळात मालकांच्या वडिलांचा. आईवडील दोघंही नाहीत. नॉमिनी म्हणून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मुलाच्या, म्हणजे आत्ताच्या मालकांच्या, नावावर झालं. त्यांची बहीण नागपूरला असते. हक्कसोडपत्र (बहिणीने आपला हिस्सा भावाला सोडल्याचा दस्त) झालंय का विचारलं तर "ती करेल सही, घरचीच आहे" एवढंच उत्तर. मग ९४ हा आकडा दोघांचा की एकट्या भावाचा? आज मी ९१ म्हणायचे आणि उद्या बहीण वेगळंच काही सांगायची.

आधी आकडा ठरवावा की कागद? आणि किचन-एसीचे किती धरावेत? किचन आम्ही तसंही तोडणार आहोत.

प्रतिसाद १
ताई, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर बहिणीचा वारसाहक्क शाबूत आहे. एकतर रजिस्टर्ड हक्कसोडपत्र, नाहीतर करारनाम्यावर तिचीही सही. बँकेचा वकील पहिलं हेच विचारेल. तेव्हा नुसता आकडा कळवू नका. आकडा, दोघांच्या सह्या आणि कागद पाहिल्यावरच टोकन, हे सगळं एका दमात सांगा. तोडायच्या किचनचे कसले पैसे?

प्रतिसाद २
सहमत. फक्त ९१ आत्ताच बोलू नका. ८८ आणि ९४ चा मध्य ९१च येतो, समोरचाही तोच हिशोब करून बसलाय. तुम्ही ९१ म्हटलंत की तो साडेब्याण्णव म्हणणार. साडेएकोणनव्वद सांगा. रेडी रेकनरचा (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला) दरही बघून ठेवा, तो जास्त निघाला तर ड्यूटी त्यावर बसते. आणि विकणारे दोघं असतील तर एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आपण कापून भरायचा आयकर) दोघांच्या पॅनवर वेगवेगळा कापायचा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. साडेएकोणनव्वद कळवले, सह्यांच्या अटीसकट. बहिणीशी फोनवर बोलणं करून द्या म्हटलं, तर एजंट म्हणतो, "मॅडम, आधी आकड्याचं बघा ना." विसार पावतीचा (टोकन दिल्याच्या लेखी पावतीचा) मसुदा तपासून देणारे वकील कोथरूड-कर्वेनगरकडे कुणाच्या ओळखीत आहेत का? साधारण फी किती घेतात तेही सांगा. नाव-नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.