मदत हवी आहे : वाणिज्य शाखेच्या वर्गात शिक्षकाचा स्वभाव कसा असावा?

नमस्कार. कनिष्ठ महाविद्यालयाच्या वाणिज्य शाखेत बारावीला ‘चिटणीसाची कार्यपद्धती’ हा (कंपनीच्या सचिवाच्या कामकाजाचा) विषय शिकवण्यासाठी मी यंदा रुजू झाले असून अनुभवी शिक्षकांचे मार्गदर्शन मला हवे आहे.

आमचे पुस्तपालनाचे सर कडक शिस्तीचे आहेत. तेरीज (सर्व खात्यांच्या जमा-नावे बाकींचा तक्ता) जुळली नाही, तर चूक कुठे आहे हे ते कधीच सांगत नाहीत. विद्यार्थ्याला रोजकीर्दीपासून (व्यवहारांच्या रोजच्या नोंदवहीपासून) खतावणीपर्यंत (खातेवहीपर्यंत) एकेक नोंद स्वतः तपासायला लावतात, आणि फरक सापडला की वहीवर तारीख घालून सही करतात. मुले त्यांना घाबरतात, पण त्यांचा तास कोणी चुकवत नाही. अर्थशास्त्राच्या मॅडम याच्या अगदी उलट, गप्पिष्ट आहेत. बाजारातल्या कांद्याच्या भावावरून त्या मागणी आणि पुरवठा समजावतात. दोघांबद्दलही मला मनापासून आदर आहे.

माझा स्वभाव मात्र मवाळ आहे. त्यातच माझ्या विषयातली सभासद, कर्जरोखेधारक (रोखे घेऊन कंपनीला कर्ज देणारे) आणि ठेवीदार यांना कंपनीने पाठवायची पत्रे मुले केवळ ८० गुणांच्या लेखी परीक्षेसाठी पाठ करतात. लाभांश म्हणजे काय, हे विचारले की वर्ग गप्प होतो. पत्रामागचा व्यवहार त्यांना कळावा, अशी माझी तळमळ आहे.

आवाज न चढवता वर्गावर पकड कशी ठेवावी? आणि २० गुणांच्या प्रकल्पासाठी घोकंपट्टीला वाव न देणारा एखादा विषय कोणी सुचवू शकेल का?