प्रोग्रामिंग अर्धवट राहिल्याने ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) बंद पडला. बदलावाच लागेल का?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ) : माझे गावात लहानसे गॅरेज आहे. काल एका डिझेल गाडीच्या ईसीयूत नवी फाइल भरत असताना वीज गेली, बॅटरीला लावलेला चार्जर बंद पडला आणि काम 62 टक्क्यांवर थांबले. आता चावी फिरवल्यावर डॅशबोर्डचे दिवे लागतात, परंतु इंजिन सुरू होत नाही आणि स्कॅनर ईसीयूशी जोडला जात नाही. नवा ईसीयू घ्यावा काय?

उत्तर (वर्धा) : इतक्यात घेऊ नका, नव्यालाही इमोबिलायझर (चावी ओळखून चोरी रोखणारी यंत्रणा) जुळवावा लागेलच. बूटलोडर (ईसीयू सुरू करून नवी फाइल घेणारा छोटा प्रोग्राम) बहुधा मेमरीच्या वेगळ्या भागात असल्याने अर्धवट लिखाणात शाबूत राहतो, म्हणून आधी त्याच साधनातून रिकव्हरी (अर्धवट राहिलेले लिखाण पुन्हा पूर्ण करणे) करून पाहावी. ती न झाल्यास ईसीयू काढून टेबलावर बूट मोडमध्ये (थेट चिपमध्ये लिहिता येते त्या स्थितीत) मूळ फाइल भरता येते. मूळ फाइल वाचून ठेवली होती ना?

प्रश्नकर्ता : होय, पेन ड्राइव्हमध्ये आहे.

उत्तर (पुसद) : साध्या चार्जरवर विसंबणे हीच खरी चूक, आणि ती मीही केलेली आहे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा स्थिर व्होल्टेज देणारा पुरवठा इन्व्हर्टरवर जोडावा, हेडलाइट व एसी बंद ठेवावेत आणि बॅटरी 12.5 व्होल्टच्या खाली असल्यास काम सुरूच करू नये.

प्रश्नकर्ता : रिकव्हरी दुसऱ्या प्रयत्नात झाली. गाडी सुरू आहे.