फुगवट्यात इपॉक्सी भरण्याआधी

भाऊ, कॅम्परच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) भिंतीवरच्या फुगवट्यात भोक पाडून थेट इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) भरा, हा वर कुणीतरी दिलेला सल्ला मला घाईचा वाटतो. फायबरचा पत्रा आतल्या पातळ प्लायवूडपासून सुटतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि पाणी शिरतं छताच्या कडेतून, खिडकीच्या कोपऱ्यातून. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. त्यात जुनं सीलंट (फटी बुजवणारा चिकट थर) तडकतं आणि पहिल्याच पावसात भिंत पाणी पिते. म्हणून आधी गळती बंद करा. मग आतून टोचून बघा. प्लाय मऊ लागला तर इपॉक्सी धरणारच नाही, तो भाग बदलावाच लागेल. टणक असेल तर पूर्ण वाळवून इपॉक्सी भरा, वरून फळी घट्ट दाबून ठेवा. कडेच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट, पाणी अडवणारी पट्टी) लावा. सिलिकॉन अजिबात नको, त्यावर पुढे दुसरं सीलंट नीट चिकटत नाही.